बिनझिलईची कुंडी आणि मातीची स्मृती : जपानी बोन्सायपात्रांच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

नागपूर येथील एका पुष्पप्रदर्शनात बोन्सायचा स्वतंत्र विभाग मांडलेला होता. प्रत्येक झाडापुढे एक कार्ड ठेवलेले असून त्यावर झाडाचे शास्त्रीय नाव, मराठी नाव, अंदाजे वय आणि ते जोपासणाऱ्या व्यक्तीचे नाव अशी माहिती दिलेली होती. एक ठेंगणा वड करड्या-तपकिरी रंगाच्या, झिलई नसलेल्या, उथळ आयताकृती कुंडीत लावलेला होता. ती कुंडी जपानमधून आणलेली असून हाताने घडवलेली आहे, असे झाडाच्या मालकांनी विचारल्यावर सांगितले. तळाशी घडवणाऱ्याचा शिक्का असल्याचेही ते म्हणाले. कार्डावर मात्र कुंडीविषयी एक शब्दही नव्हता. वस्तुतः त्या मांडणीत डोळ्यांना प्रथम जाणवत होती ती कुंडीच.

ही उणीव केवळ एका प्रदर्शनापुरती नाही. मराठीत बोन्सायविषयी जे लेखन होते ते बहुतांशी बागकामाच्या अंगाने होते. छाटणी, तार बांधणे, माती बदलणे यांची त्यात सविस्तर माहिती असते आणि कुंडीविषयी 'उथळ व छिद्रे असलेली असावी' एवढे मार्गदर्शन असते. साहित्यात बोन्साय येतो तो खुंटवलेल्या माणसाची प्रतिमा म्हणून. या दोन्ही ठिकाणी कुंडी हे केवळ साधन किंवा केवळ तुरुंग ठरते. प्रस्तुत लेखात या कुंडीकडे, विशेषतः जपानमधील बिनझिलईच्या कुंडीकडे, एक कलावस्तू म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु असे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. बिनझिलईच्या मातीचे काम आपल्याकडे दारोदार आहे. मग त्या मातीविषयीचा सौंदर्यविचार आपल्याकडे का उभा राहिला नाही? 'आपल्याला सौंदर्यदृष्टी नाही' हे या प्रश्नाचे सोपे उत्तर प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

शब्दातून गळलेले पात्र

'बोन्साय' हा शब्द दोन चिनी चित्राक्षरांनी लिहिला जातो. पहिल्याचा अर्थ उथळ पात्र किंवा तबक, दुसऱ्याचा अर्थ लावणे, रोपणे. म्हणजे शब्दाची सुरुवातच पात्रापासून होते. लहानपणा हा त्या शब्दाच्या अर्थात कुठेही नाही. मराठीत यासाठी 'वामनवृक्ष' हा शब्द रूढ झाला. शब्द सुरेख आहे, आणि बटू वामनाची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला त्यातील सूचनाही कळते. परंतु या भाषांतरात पात्र गळून पडले आणि ठेंगणेपणा हाच कलेचा गाभा ठरला. पुढे 'बोन्साय' हा शब्द मराठी कवितेत व वैचारिक लेखनात मुळे छाटलेल्या, वाढ रोखलेल्या जिण्याचे रूपक म्हणून वापरला गेला, त्याचे मूळही या स्थलांतरात शोधता येईल. रूपक म्हणून ते समर्थ आहे, याबद्दल वाद नाही. मात्र रूपकाच्या सोयीसाठी मूळ वस्तू न पाहण्याची सवय समीक्षेला लागू नये.

जपानी परंपरेत पात्र किती मध्यवर्ती आहे याची साक्ष 'हाची नो की' या नोह नाटकाच्या शीर्षकातूनही मिळते. 'हाची' म्हणजे कुंडी आणि 'की' म्हणजे झाड. हिमवर्षावात आश्रय मागणाऱ्या एका भिक्षूला ऊब मिळावी म्हणून एक दरिद्री सामुराई आपली उरलेली तीन कुंडीतील झाडे, आलुबुखार, चेरी आणि पाइन, जाळून टाकतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला राज्यकर्ता असतो. झाडे जळतात, नाटकाच्या नावात कुंडी मात्र राहते.

'बिनझिलईची' म्हणजे नेमके काय?

बोन्सायच्या कुंड्यांचे झिलईदार आणि बिनझिलईच्या असे दोन मुख्य वर्ग केले जातात. रूढ संकेत असा की पाइन, ज्युनिपर यांसारख्या सदाहरित सूचिपर्णी वृक्षांना बिनझिलईची कुंडी आणि फुलणाऱ्या, फळणाऱ्या किंवा पानगळीच्या वृक्षांना झिलईदार कुंडी द्यावी. येथे 'बिनझिलईची' ही संज्ञा नकारात्मक आहे. झिलई हा नियम गृहीत धरून तिच्या अभावाने हा वर्ग ओळखला जातो.

आपल्या कुंभाराच्या भाषेत या संज्ञेला जागाच नाही. माठ, रांजण, गाडगे, सुगड, बोळके, पणती, खापर, यांपैकी कशालाही कोणी 'बिनझिलईचे' म्हणत नाही, कारण सारेच तसे आहे. झिलई असलेली वस्तू आली तेव्हा तिला वेगळे नाव द्यावे लागले, आणि ते 'चिनी माती' असे देशवाचक दिले गेले. लोणच्याची बरणी ही मराठी घरातील झिलईदार पात्राची सर्वांत परिचित प्रतिनिधी. तेव्हा एका संस्कृतीत जो अपवाद म्हणून निवडला जातो तो दुसऱ्या संस्कृतीत सर्वसाधारण नियम असतो. निवडीला सौंदर्यमूल्य चिकटते, नियमाला चिकटत नाही. हा मुद्दा वाटतो तितका साधा नाही, पण तोही पुरेसा नाही. कारण या दोन बिनझिलई माती एकाच जातीच्या नाहीत.

जपानच्या आइची प्रांतातील चिता द्वीपकल्पावर तोकोनामे हे गाव आहे. मध्ययुगापासून अखंड चालत आलेल्या सहा जुन्या भट्टीकेंद्रांत त्याची गणना होते. सेतो, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन ही उरलेली पाच. तोकोनामेच्या जुन्या मोठ्या रांजणांवर मुद्दाम लावलेली झिलई नसे. भट्टीतील लाकडाची राख उडून जिथे वितळे तिथे आपोआप काचेसारखा ओघळ तयार होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे 'शुदेई' म्हणजे लाल मातीच्या चहाच्या किटल्या घडू लागल्या आणि १८७८ मध्ये जिन शिहेंग या चिनी जाणकाराला बोलावून ईशिंग पद्धतीच्या किटल्यांचे तंत्र शिकून घेण्यात आले. बोन्सायच्या बिनझिलई कुंड्यांचाही आदर्श चीनचाच होता. चीनमधून पूर्वी आलेल्या कुंड्यांना जपानी जाणकार 'कोवातारी' म्हणजे जुन्या काळी पार होऊन आलेल्या असे म्हणतात आणि त्यांना आजही सर्वाधिक मान देतात. 'अस्सल जपानी' म्हणून आपण ज्या वस्तूकडे पाहतो तिची वंशावळ अशी समुद्रापलीकडची आहे. तोकोनामेविषयी आणखी एक गोष्ट सौंदर्यवादी लेखनात सहसा येत नाही. मेइजी काळापासून या गावाने सांडपाण्याच्या मातीच्या नळांचे प्रचंड उत्पादन केले. तेथील एका प्रसिद्ध चढाच्या रस्त्याच्या भिंती आजही जुन्या नळांनी रचलेल्या दिसतात. नाजूक किटली, गंभीर कुंडी आणि गटाराचा नळ ही एकाच गावची लेकरे होत.

या मातीची भाजणी साधारणतः ११०० अंश सेल्सियसच्या वर होते. त्या तापमानाला मातीचे कण एकमेकांत मुरतात, वस्तू दगडासारखी घट्ट होते आणि झिलई नसतानाही पाणी फारसे शोषत नाही. याला जपानीत 'याकिशिमे' म्हणतात. आपल्या कुंभाराचा आवा उघडा असतो. गोवऱ्या, पेंढा, लाकूड यांच्या आचेवर तो सर्वसाधारणपणे ७०० ते ९०० अंशांपर्यंत पोचतो. मातीत लीद, राख किंवा भुसा मिसळलेला असतो, तो जळून सूक्ष्म छिद्रे राहतात. ही छिद्रे दोष नव्हेत. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात माठातले पाणी गार राहते ते छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनामुळे. याकिशिमेचा माठ केला तर तो दिसायला देखणा होईल आणि पाणी कोमट राहील. आपल्या नदीकाठच्या लोहयुक्त मातीला तेवढी आच बहुधा सोसणारही नाही. ती फुगेल, वाकेल.

यावरून एका लोकप्रिय समजुतीचीही तपासणी करता येते. बिनझिलईची कुंडी 'श्वास घेते' म्हणून झाडाला मानवते, असे रोपवाटिकांतून नेहमी सांगितले जाते. हे विधान आपल्या भाजक्या कुंडीबाबत खरे आहे. जपानी कुंडीबाबत जवळजवळ खोटे आहे. तेथे पाणी व हवा यांची वाट तळाच्या छिद्रांतून आणि भरड मातीच्या मिश्रणातून असते, भिंतीतून नव्हे. तेव्हा सूचिपर्णी वृक्षांना बिनझिलईची कुंडी देण्यामागे वनस्पतिशास्त्र कमी आणि दृष्टीचा संकेत अधिक आहे.

दोन्ही मातींना एक कसोटी मात्र समान आहे. भाजणी कशी झाली हे नादावरून कळते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगितल्याची आणि नामदेव रुसल्याची कथा मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. कुंडी विकत घेणारा जपानी जाणकारही बोटाच्या पेराने तिला वाजवून पाहतो. गोरोबांच्या कसोटीत मात्र डोळ्याला स्थान नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

झाड, पात्र आणि लय

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. बोन्सायच्या मांडणीला ही तत्त्वे आश्चर्य वाटावे इतकी चपखल लागू पडतात. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी, तिची खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी असावी, असे ढोबळ नियम आहेत. खडबडीत सालीच्या खोडाशी मातीचा खडबडीतपणा संवाद करतो. वळणावळणाच्या फांद्यांना कुंडीची सरळ कड विरोध करते. आणि झाड एका बाजूला झुकले असेल तर ते मध्यापासून सरकवून लावून समतोल साधला जातो. झिलई नसल्याने कुंडी प्रकाश परतवत नाही. नजर तिच्यावर रेंगाळत नाही, वर चढते.

परंतु येथेच मर्ढेकरांच्या चौकटीची मर्यादाही दिसते. ही लय एका क्षणाची आहे. बोन्साय मात्र काळात घडतो. झाड वाढते, काही वर्षांनी मुळे छाटून माती बदलावी लागते, कधी कुंडीच बदलते. कुंडीसुद्धा स्थिर राहत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचे जे द्वंद्व मांडले, त्याच्या आधारे असे म्हणता येईल की कुंडी ही मुळातच लौकिकातील वस्तू आहे. ती पाणी, खत, ऊन आणि हात यांच्या संपर्कातच सुंदर होते. वापर थांबला की तिचे सौंदर्यही साकळते.

जाता जाता एक निरीक्षण. हे संकेत पाइन आणि मेपल डोळ्यांपुढे ठेवून झालेले आहेत. आपल्याकडील वड, पिंपळ, उंबर, चिंच यांना ते तसेच लावणे शंकास्पद आहे. पारंब्या सोडणारा वड बुंध्याच्या एका खांबावर उभाच नसतो. त्याच्यासाठी 'खोडाच्या जाडीइतकी खोली' हे माप कोणत्या खोडावरून घ्यायचे? आपल्या प्रदर्शनांतून या प्रश्नाची चर्चा व्हायला हवी होती. ती फारशी दिसत नाही.

काळ चढणे आणि विटाळ होणे

जपानी कुंडीच्या आस्वादातील सर्वांत महत्त्वाची कल्पना म्हणजे 'जिदाई'. शब्दाचा सरळ अर्थ काळ, युग. कुंडीवर 'जिदाई चढली' असे म्हणतात तेव्हा वर्षानुवर्षांचे पाणी, माती, ऊन आणि पुसणारे हात यांनी तिच्या पृष्ठभागावर आलेली मंद, खोल कांती अभिप्रेत असते. नवी कुंडी कितीही कुशलतेने केलेली असो, ती 'कोरी' दिसते. जुने झाड नव्या कुंडीत लावले तर दोघांच्या वयातील विसंगती डोळ्यांना खुपते. म्हणून जाणकार रिकाम्या कुंड्याही वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवतात. झिलईदार कुंडीवरही काळाचे डाग पडतात, पण बिनझिलईची माती काळाला जशी आत घेते तशी झिलई घेत नाही. थोडक्यात, शोषून घेणे हाच येथे सौंदर्याचा आधार आहे.

याच शोषून घेण्याचा आपल्या परंपरेने लावलेला अर्थ नेमका उलटा आहे. मातीचे भांडे शोषते, म्हणून ते विटाळते. तांब्या-पितळेचे भांडे चिंच किंवा राख लावून शुद्ध करता येते, मातीचे भांडे टाकूनच द्यावे लागते. ग्रहण सुटले की माठ बदलायचा, सुतक फिटले की जुनी मडकी बाहेर काढायची, ही पद्धत अनेक घरांतून कालपरवापर्यंत पाळली जात होती. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी घागर नवी लागते, संक्रांतीचे सुगड नवे, घटस्थापनेचा घट नवा. स्मशानातही मडके नवे असते आणि तिथेच फुटते. म्हणजे मातीच्या पात्राचे मांगल्य त्याच्या कोरेपणात आहे. जुने मडके ही आपल्या भाषेत आदराची गोष्ट नाही. लोणच्याला चिनी मातीची बरणी सोयीची वाटली त्यामागे मीठ-आंबट न शोषण्याचा व्यावहारिक गुण जसा आहे, तसा ती धुऊन पुन्हा सोवळ्यात घेता येण्याचा दिलासाही असावा.

हा विटाळ केवळ घरगुती आचारापुरता राहिला असता तर त्याची नोंद लोकाचार म्हणून करून पुढे जाता आले असते. परंतु मातीच्या पात्राचा आपल्याकडील इतिहास त्याहून कठोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात पेशव्यांच्या पुण्यातील दंडकाची नोंद केली आहे. अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडून कोणाला विटाळ होऊ नये म्हणून त्याने गळ्यात मातीचे मडके बांधून फिरावे, असा तो दंडक होता. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचे जे तथाकथित शुद्धीकरण झाले तेही पंचगव्य घातलेल्या १०८ मातीच्या घागरींच्या विधीने. मातीचे पात्र येथे सौंदर्याचे नव्हे, बहिष्काराचे उपकरण झालेले आहे. दीक्षाभूमीच्या या शहरात बसून मातीच्या सौंदर्याविषयी लिहिणाऱ्याला हे विसरून चालणार नाही. ज्या समाजात पात्राने शोषलेला स्पर्श हा दोष ठरतो, तेथे स्पर्शाने चढणाऱ्या कांतीला सौंदर्य म्हणणारी समीक्षा जन्मण्याची शक्यता फार कमी राहते. जिदाईसारखा शब्द मराठीत का नाही, याचे कारण कारागिराच्या हातात नसून वापरणाऱ्याच्या मनात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अर्थात जपानला या बाबतीत निर्दोष ठरवणे चूक होईल. तेथेही 'केगारे' म्हणजे अशौच ही कल्पना आहे आणि तिच्या नावाने काही समाजगटांना शतकानुशतके वाळीत टाकण्यात आले. शिंतो विधींत 'कावाराके' नावाच्या कमी आचेच्या बिनझिलई बशा वापरतात. त्या एकदा वापरून टाकून देण्याच्या असतात, कारण तिथेही पावित्र्य कोरेपणातच आहे. आपल्या सुगड-पणतीचे हे सख्खे भावंड. फरक असा की कावाराकेबरोबरच उच्च आचेच्या याकिशिमेची दुसरी परंपरा तेथे होती. चहाच्या विधीने व पुढे बोन्सायने तिला वापराची आणि कौतुकाची जागा दिली. तेव्हा तंत्र आणि मनोवृत्ती यांपैकी एकच कारण पुढे करणे योग्य नव्हे. घट्ट माती पृष्ठभागावर काळ धरते. सच्छिद्र माती तो पोटात घेते, क्षार धरते आणि खपल्या टाकते. आपल्या माठाला म्हातारपण झेपत नाही, हेही तितकेच खरे.

चकाकीसाठी झिलईच हवी असेही नाही. विदर्भातील शिलावर्तुळांच्या उत्खननांत, नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे, काळ्या-तांबड्या रंगाची खापरे मिळाली. त्यांचा घोटीव पृष्ठभाग इतकी शतके मातीखाली राहूनही गुळगुळीत लागतो. काव देऊन गोट्याने घोटण्याची ही रीत आजच्या कुंभारालाही ठाऊक आहे. जुनापाणीच्या वर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्येच लिहिले होते. तेव्हापासून ही खापरे पुरातत्त्वाच्या कालगणनेत वापरली जातात. त्यांच्याकडे पृष्ठभागाची कला म्हणून पाहण्याचे काम मराठी समीक्षेने केलेले नाही.

शिक्का आणि निनावीपण

वर उल्लेखिलेल्या कुंडीच्या तळाशी शिक्का होता. बोन्सायपात्रांच्या बाजारात या शिक्क्याला फार महत्त्व आहे. घडवणारा कोण आणि भट्टी कोणती यावर किंमत ठरते. 'हाताने घडवलेली' हे विशेषणही याच बाजाराचे आहे. ते थोडे सावधपणे घ्यावे लागते. गोल कुंडी चाकावर होते, परंतु आयताकृती कुंडी चाकावर होऊच शकत नाही. ती मातीच्या पाट्या जोडून किंवा साच्यात दाबून करावी लागते, मग कडा कापून, पाय लावून, हाताने साफ करतात. हात आणि साचा यांच्यामधील सीमा जाहिरातीत दिसते तितकी स्पष्ट नसते.

या शिक्क्याच्या नेमकी विरुद्ध भूमिका जपानमध्येच मांडली गेली. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी हामादा व कावाई या कुंभारकलावंतांसह १९२५ मध्ये 'मिंगेई' म्हणजे लोककारागिरी ही संज्ञा घडवली आणि १९३६ मध्ये तोक्यो येथे तिचे संग्रहालय उभे केले. निनावी कारागिराने, रोजच्या वापरासाठी, मोठ्या संख्येने केलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, असे ते मानत. नाव आले की अहंकार आला, असे त्यांचे म्हणणे. १९७२ मध्ये बर्नार्ड लीच यांनी त्यांचे लेख इंग्रजीत आणल्यानंतर हा विचार जगभर पसरला. आपल्याकडेही हस्तकलेवरील लेखनात तो बऱ्याचदा उद्‌धृत न करता येतो.

विदर्भातून वाचताना यानागींचा हा निनावी कारागीर अस्वस्थ करतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातील कुंभारही निनावीच आहे. परंतु त्याचे निनावीपण अहंकाराच्या विसर्जनातून आलेले नाही. तो बलुतेदार आहे. त्याची ओळख जातीने आधीच ठरलेली आहे, म्हणून नावाची गरज पडत नाही. सुगीला धान्याचे बलुते मिळते ते गावकीतील हक्कापोटी. एखादा माठ विशेष सुडौल झाला म्हणून त्याचे माप वाढत नाही. अशा व्यवस्थेत कौशल्याची चढाओढ का व्हावी? यानागींनी ज्याला मुक्ती म्हटले ते येथे बंधन होते. युको किकुची यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात मिंगेई सिद्धान्ताची आधुनिक जपानी राष्ट्रवादाच्या संदर्भात जी चिकित्सा केली आहे, तिच्या जोडीला जातीच्या अंगाने होणारी चिकित्सा भारतातून व्हायला हवी. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची स्वतंत्र मांडणी करणाऱ्या मराठीत हे काम वस्तुकलेबाबत अद्याप झाले नाही, याचे आश्चर्य वाटते.

म्हणून कुंभाराने माठाच्या तळाशी शिक्का मारावा, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. महालातील चितारओळीत गणेशमूर्ती घडवणाऱ्यांची नावे गिऱ्हाइकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. मूर्तीवर कोणी सही करत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला जातीबाहेर काढून प्रशिक्षणाचा विषय केले. ही घटना सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाची आहे, कारण हात कोणाचाही असू शकतो असे एकदा ठरले की मगच तो कोणाचा आहे हे विचारण्याला अर्थ येतो. विजेची चाके वाटण्याच्या सरकारी योजनांनी, उदाहरणार्थ खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या २०१८ मधील कुंभार सक्षमीकरणाच्या कार्यक्रमाने, श्रम हलके झाले असतील; परंतु उत्पादनाचा विचार तिथेही नगांच्या हिशेबातच होतो. २००४ मध्ये रेल्वेत कुल्हड आणताना तो वापरून फेकता येतो हाच गुण सांगितला गेला होता.

नागपुरात बिनझिलईच्या मातीवर काळ चढलेला पाहायचा असेल तर लंबी रोटी भाजणाऱ्यांकडे जावे. चुलीवर पालथे घातलेले मडके, त्यावर हातांनी लांबवत नेऊन पसरलेली सैलसर कणीक. वापराने ते मडके काळे, तुकतुकीत झालेले असते. नव्या मडक्यावर पहिल्या काही रोट्या चिकटतात, म्हणून जुने जपून वापरतात, आणि विटाळाचा येथे कोणी विचार करत नाही. तोकोनामेचा कुंभार जिथे शिक्का उमटवतो तो तळ येथे वर असतो आणि रोटी त्याच्यावरच भाजली जाते. अशा एका ठिकाणी, मडके कोणी घडवले, असे प्रस्तुत लेखकाने विचारले. भाजणाऱ्या बाईंनी कुंभाराचे नाव सांगितले, त्याच्या वडिलांचे सांगितले, आणि हल्ली त्याच्या मडक्यांची बूड पूर्वीपेक्षा पातळ येते अशी तक्रारही केली.